वहीतल्या लावऱ्या

गेल्या रविवारी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाकडेला पायाशीच फर्रर्र झालं. लावऱ्या, तितरासारखे बुटके पक्षी! आठ-दहा असतील, जिला जी दिशा सापडली तिकडे उडाली आणि माझ्या छातीतली धडधड थांबायच्या आत काट्यात गडप. सवयीने वहीत लिहिलं, ‘लावरी १०’. मग पेन अडलं. कुठली लावरी?

आपल्याकडे दोन सख्ख्या जाती. एक झुडपातली, दुसरी दगडगोट्यांच्या उघड्या माळावरची. दुसरीचं वर्णन कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांवरून केलं. दोन्ही नरांच्या छातीवर काळ्या-पांढऱ्या आडव्या रेघा, म्हणजे छाती बघून उपयोग नाही. झुडपातल्या नराची पांढुरकी भुवई लांब, पार मानेपर्यंत जाते आणि गळा गडद तांबडा. माळावरच्याचा गळा मळकट विटकरी, भुवई बेताची. मादीत सोपं आहे: झुडपातलीचा गळा तांबूस, माळावरचीची हनुवटी पांढुरकी. अर्थात हे बसलेल्या पक्ष्याचं झालं. उडालेली लावरी म्हणजे तपकिरी ढेकूळ.

मेंढरं घेऊन उभे असलेले मामा हसले. “अण्णा, लावरी म्हंजी लावरी. तिची आन् काय जात बघताय?”

कुठली जात किती धोक्यात, याची जागतिक यादी ठेवणारी आययूसीएनही जवळपास तेच म्हणते. दोघी ‘कमी चिंतेच्या’ एकाच खान्यात. याच माळावरचा माळढोक २०११ पासून अतिसंकटग्रस्त, त्यापुढे लावरीची काय कथा! शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, ती दोघींसाठी. पण माळाला कुठली बंदी? झुडपातली बांधावरच्या बाभळीखाली, घाणेरीतही भागवून घेईल असं मला वाटतं. दुसरीला हवा तो खडकाळ, विरळ गवताचा तुकडा सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, म्हणून लागतो. जेसीबी आला, दगड वेचले, बोअरला पाणी लागलं की तिथे ऊस.

घरी नऊ वर्षांच्या वह्या आहेत. सगळीकडे नुसतं ‘लावरी’. माळावरची कमी झाली का, असं कुणी विचारलं तर दाखवायला माझ्याकडे एक ओळ नाही.

म्हणून त्या दिवशी लिंबाखाली बसून राहिलो. पांगलेल्या लावऱ्या शीळ घालून एकमेकींना गोळा करतात, हे ठाऊक होतं. मामांनी दिलेली कडक भाकरी नि शेंगाचटणी संपली, पाऊण तास गेला. मग शीळ आली. दगडाआडून एक मादी बाहेर. हनुवटी पांढुरकी.

‘लावरी १०’ खोडलं. ‘माळावरची, मादी १’ लिहिलं. उरलेल्या नवांपुढे प्रश्नचिन्ह.