पुस्तकाच्या आतल्या पानावरचा तक्ता

मी न्यू जर्सीतल्या एका सरकारी मिडल स्कूलच्या लायब्ररीत काम करते. आमच्याकडे दर हिवाळ्यात 'सगळ्या शाळेचं एक पुस्तक' असा प्रकार असतो, म्हणजे पीटीए (पालक-शिक्षक संघटना) पैसे जमवते, सहावी-सातवीच्या प्रत्येक घरी एक प्रत जाते, घरच्यांनी पोरांबरोबर रोज थोडंथोडं वाचायचं आणि शेवटी एका संध्याकाळी लायब्ररीत जमून पिझ्झा खात बोलायचं. एरवी पुस्तकं कुत्र्यांची, जादूची, असली. यंदा कमिटीने मिल्ड्रेड टेलरची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' निवडली आणि ईमेल सुरू झाले. मुलं लहान आहेत, जुन्या गोष्टी कशाला उकरताय, त्यात काळ्या लोकांसाठीचा तो शिवीसारखा एन वाला शब्द आहे, आमच्या मुलाला उगाच अपराधी वाटेल वगैरे. प्रिन्सिपलनी शांतपणे २००२ च्या अ‍ॅमिस्टॅड कायद्याकडे बोट दाखवलं, की कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवणं न्यू जर्सीत बंधनकारक आहे, आणि विषय तिथे मिटवला. म्हणजे कागदावर मिटला.

आम्ही ठरवलं की तो शब्द मोठ्याने कुणीच वाचायचा नाही, छापलेला दिसतोय तेवढा पुरे. एका टीचरची आयडिया होती की अर्ध्या मुलांना मुद्दाम फाटकी पुस्तकं द्यायची, म्हणजे कसं वाटतं ते कळेल. ती सरळ फेटाळली. असल्या खेळात ज्यांना घरी-दारी आधीच कळलेलं असतं त्यांचीच परत परीक्षा होते, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुस्तक १९७६ चं, त्याला पुढच्याच वर्षी न्यूबेरी मेडल, म्हणजे अमेरिकेतला मुलांच्या पुस्तकांचा मानाचा पुरस्कार, मिळालं. गोष्ट १९३३ च्या मिसिसिपीतली, स्वतःच्या मालकीची जमीन असलेलं एक काळं कुटुंब, नऊ वर्षांची कॅसी सांगतेय. गोऱ्या मुलांना बस, ह्यांना चिखलातून पायी, आणि ह्यांची शाळा मार्चमध्येच बंद कारण पोरं कापसाच्या शेतात लागतात. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. वर्गात पहिल्यांदाच पुस्तकं वाटतात आणि ती निघतात जुनी, मळकी. कॅसीचा धाकटा भाऊ, सहा वर्षांचा, टापटिपीचा भयंकर शौकीन, आत उघडून बघतो तर तक्ता. १९२२ साली नवं कोरं, विद्यार्थी गोरा. मग दरवर्षी एक ओळ, पुस्तकाची अवस्था खालावत चाललीय, विद्यार्थी गोराच. बाराव्या ओळीत १९३३, अवस्था अगदी वाईट, आणि आता विद्यार्थी काळा, तेही शिवीच्या जवळ जाणारा शब्द वापरून. पोरगा पुस्तक जमिनीवर आपटतो आणि वर नाचतो. छड्या खातो. त्याची आई त्याच शाळेत टीचर, ती काय करते तर कागद कापून त्या तक्त्यावर चिकटवून टाकते.

त्या संध्याकाळी मी टेबलांवर आमचीच रद्दीत काढलेली गणिताची पुस्तकं ठेवली होती, कारण आमच्याही पुस्तकांत आत शिक्का असतो, नाव, वर्ष, कंडिशन. मुलं भराभर उघडून बघायला लागली, कुणाला स्वतःच्या मोठ्या बहिणीचं नाव सापडलं. मग भांडण लागलं की त्या आईने तक्ता झाकला ते बरोबर की चूक. एक मुलगा अडूनच बसला की हा पुरावा नष्ट करणं झालं, उद्या कुणाला कळणारच नाही काय चाललं होतं. एक मुलगी म्हणाली, रोज पुस्तक तिला उघडायचंय, तिने रोज का बघायचं ते?

एका काळ्या मुलाची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, माझ्या मुलाला हे कळायला पुस्तक लागत नाही, आणि वाक्यावाक्याला सगळी खोली त्याच्याकडे बघते तेही मला चालणार नाही. सगळे चिडीचूप. तिचं बरोबरच होतं, मी स्वतः दोनदा बघितलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "पोरी, जरा सांगशील का ह्यांना?" सातवीतल्या एका मराठी मुलीचे आजोबा, सोलापूरकडचे, पोस्टातून रिटायर झालेले, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले. नातीने रोज त्यांना धडा समजावून सांगितलेला. ते म्हणाले, "तक्त्यात लिहिलं म्हणून त्या पोराला राग आला ना? आमच्या शाळेच्या दाखल्यावर जात अजून लिहितात." मी एकेक वाक्य इंग्लिशमध्ये सांगत गेले. "मी दाराशेजारी बसायचो. माठाला हात लावायचा नाही, कुणी वरनं ओतलं तर ओंजळ धरायची. मास्तर हजेरी घेताना नावाबरोबर जात पण वाचायचे. घटना १९५० ला लागू झालेली, पण आमच्या शाळेपर्यंत यायला तिला एसटी मिळाली नसावी. मला वाटायचं खोडरबर घ्यावं आणि तेवढा रकाना खोडावा. वडील म्हणाले, खोडू नको येड्या, त्याच्यावर फी माफ आहे. पुढं शिष्यवृत्ती मिळाली ती पण त्याच रकान्यावर."

मघाचा मुलगा एकदम उसळून म्हणाला, म्हणजे त्या आईने झाकायला नको होतं! आजोबांनी मान हलवली. "नाही बाळा, तिनं केलं ते बरोबर. तिला त्या तक्त्यातनं काय मिळत होतं? फाटकं पुस्तक. आणि बोर्डवाल्यांनी तो चिकटवलेला कागद बघितला, तिची नोकरी गेली, ते वाचलंस ना?"

त्या काळ्या मुलाच्या आईने विचारलं, तुमच्याकडे तो रकाना भरतं कोण? आजोबा म्हणाले, "आधी मास्तर भरायचे. आता आम्ही सांगतो तेच लिहावं लागतं, आणि पुरावा आम्हालाच द्यावा लागतो." ती हसली. म्हणाली, शाळेच्या फॉर्मवर मी पण दरवर्षी चौकोनात टिक करते. मग पोरांना शोधच लागला की आपल्याही अ‍ॅडमिशन फॉर्मवर वंश विचारतात, आणि प्रिन्सिपलना उभं राहून सांगावं लागलं की कुणाला जास्त शिक्षा होते, कुणाला अ‍ॅडव्हान्स्ड मॅथ मिळतं, हे मोजायचं तर मुळात नोंद लागते. मग ते आकडे दाखवा ना, असं एका सातवीच्या मुलीने विचारलं. प्रिन्सिपल म्हणाले दाखवतो. ते अजून यायचेत.

कॉफीच्या टेबलापाशी एक मराठी गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे सगळं इथे लोकांसमोर काढायची काय गरज होती, जुन्या गोष्टी आहेत." महिनाभर ईमेलमध्ये मी दुसरं काय वाचत होते! म्हटलं, अहो फुल्यांनी १८७३ मध्येच 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून हे त्यांच्यासमोर काढलेलं आहे, आपल्याला उशीरच झालाय. ते कॉफी घेऊन निघून गेले, बोलले काही नाही.

आवराआवर करताना ती आई परत आली, पुढच्या वर्षीचं पुस्तक कोण ठरवतं विचारायला. तिचं म्हणणं, एखादं तरी असं द्या ज्यात काळा मुलगा मार खात नाही, नुसता मजा करतो, रहस्य शोधतो, वाटेल ते. मी कमिटीच्या यादीत तिचं नाव तिथल्या तिथे लिहिलं. पहिली मीटिंग झाली परवा आणि तिने आणलेल्या तीन पुस्तकांवरून आत्तापासूनच ईमेल यायला लागलेत.