निळी स्क्रीन, गायब डंप आणि ‘रॅम वाढवा साहेब’ : माझा अनुभव

विंडोज १० चा डेस्कटॉप सारखा निळ्या स्क्रीनवर जाऊन रीस्टार्ट होत होता, त्याचं मूळ सापडेपर्यंत डोक्याची पार मंडई झाली. अजून डोकं गरम आहे, तोवर लिहून टाकतो.

मशीन साधंच, ८ जीबी रॅम, सी ड्राइव्ह म्हणजे नवी एसएसडी, डी म्हणजे जुनी १ टीबी हार्ड डिस्क. डीटीपीचं काम, त्यामुळे जड फाइली कायम उघड्या. क्रॅश झाला की स्क्रीनवर ‘कर्नल डेटा इनपेज एरर’. म्हणजे विंडोजने मेमरीतला जो भाग डिस्कवर नेऊन ठेवला होता तो परत आणायला गेलं आणि वाचताच आला नाही. का नाही आला, डिस्क मेली की केबल ढिली की रॅम, हे त्या स्क्रीनवर नसतं. एसएसडी बसवून देणाऱ्याला फोन केला तर मशीन न बघताच, “रॅम कमी पडतेय साहेब, १६ करून टाका, नाहीतर फॉरमॅट मारू.”

अरे बाबा, रॅम कमी पडतेय का हे बघायला दोन मिनिटं लागतात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे ‘कमिटेड’ म्हणून दोन आकडे असतात. दुसरा म्हणजे साधारण रॅम अधिक पेजफाइल (मेमरीतला भाग डिस्कवर नेऊन ठेवायची फाइल), पहिला त्याला भिडायला लागला तरच टंचाई. माझा निम्म्यावरही जात नव्हता. आणि व्हर्च्युअल मेमरी (म्हणजे ही दोन्ही मिळून) खरंच संपत आली तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, २००४ नंबरची नोंद पडते, कुठला प्रोग्रॅम किती खातोय त्यासकट. तीही नव्हती. रॅमची टेस्ट रात्रभर लावली, स्वच्छ.

मग उरला डंप, म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची फाइल, आणि इथेच गाडी रुतली. सगळे सांगतात मिनीडंप फोल्डर उघडा, फाइल घ्या, विंडीबगमध्ये (डंप वाचायचा मायक्रोसॉफ्टचा प्रोग्रॅम) टाका. फोल्डर रिकामा! परत क्रॅश, परत रिकामा. निळ्या स्क्रीनवर डंप किती लिहून झाला ती टक्केवारी शून्यावरून हलायचीच नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ची नोंद (मशीन नीट बंद न होता रीस्टार्ट झालं) असायची, पण तिच्या तपशिलात बगचेककोड, म्हणजे एररचा नंबर, शून्य. (शून्य नसेल तर तो आकडा दशमानात असतो हे लक्षात ठेवा, माझ्या एररचा नंबर ७ए, तो तिथे १२२ दिसतो, लोक १२२ शोधत बसतात.) वाटलं क्लीनर सॉफ्टवेअर फाइली उडवतंय, ते काढलं, काही फरक नाही. सेटिंगमध्ये ‘स्मॉल मेमरी डंप’ निवडलेलं, फोल्डरचा पत्ता बरोबर, सगळं जागच्या जागी आणि फाइल मात्र नाही, अशा वेळी माणूस मॉनिटरवर हात उगारतो.

शेवटी नजर गेली ती दर वेळी मशीन चालू होताना पडणाऱ्या वॉल्मगरच्या (विंडोजचा डिस्क सांभाळणारा ड्रायव्हर) ४६ नंबरच्या नोंदीवर, ‘क्रॅश डंप इनिशियलायझेशन फेल्ड’, म्हणजे डंपची तयारीच झाली नाही. क्रॅशच्या क्षणी विंडोज डंप सरळ फाइलमध्ये लिहीत नाही, आधी पेजफाइलमध्ये ओततं आणि पुढच्या बूटला तिथून फाइल बनवतं. त्यासाठी विंडोज ज्या ड्राइव्हवर आहे तिथे पेजफाइल लागते. व्हर्च्युअल मेमरीची खिडकी उघडली तर सी समोर ‘नो पेजिंग फाइल’, सगळी पेजफाइल डी वर! एसएसडी झिजू नये म्हणून ती बसवून देणाऱ्या दुकानदाराने परस्पर हलवलेली. हे करताना विंडोज स्पष्ट इशारा देतं की पुढे बिघाड झाला तर तपशील कदाचित नोंदवला जाणार नाही. त्या पठ्ठ्याने ‘यस’ दाबलं असणार आणि मला अवाक्षर नाही.

सी वर ‘सिस्टिम मॅनेज्ड’ केली. इथे ‘सेट’ बटण दाबावं लागतं, नुसतं ओके केलं तर काहीच होत नाही. डी वरची मुद्दाम तशीच ठेवली, कारण क्रॅश हवाच होता. पुढच्या निळ्या स्क्रीनला टक्केवारी पळाली आणि फोल्डरमध्ये फाइल! एवढा आनंद कधी क्रॅशचा झाला नव्हता.

पुढचं सोपं. विंडीबगमध्ये ॲनलाइझची कमांड दिली (पहिल्यांदा सिम्बॉल, म्हणजे डंप वाचायला लागणाऱ्या फाइली, उतरवायला वेळ खातं, धीर धरा) आणि एररसोबतच्या आकड्यांतला दुसरा (पॅरामीटर) बघितला: सी०००००९डी. शेवटचं अक्षर (ड्राइव्हचं नाव नव्हे) डी ऐवजी सी असतं तर खराब सेक्टर, डी असलं तर डिस्कच जोडलेली दिसत नाही. डिस्क स्वतःच्या तब्येतीचा जो स्मार्ट रिपोर्ट ठेवते त्यात १९९ नंबरचा सीआरसी एररचा (केबलवरून डेटा येता-जाता झालेल्या चुकांचा) आकडा फुगलेला, रीअलोकेटेड म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर शून्य. कॅबिनेट उघडलं तर डी ची साटा केबल साइड पॅनलखाली दुमडून चेपलेली. क्लिपवाली नवी केबल शंभरेक रुपयांत आली, पेजफाइल फक्त सी वर ठेवली. त्यानंतर निळी स्क्रीन नाही आणि १९९ चा आकडाही तिथेच थांबलाय. तो कमी कधी होत नाही, वाढत नाही ना एवढंच बघायचं.

आणि हो, हे सगळं करण्याआधी स्टार्टअप अँड रिकव्हरीत ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची टिक काढा, नाहीतर स्क्रीनवरचं नाव वाचायच्या आत मशीन परत चालू होतं.