पॉइंट फिफ्टी ब्राउनिंग, आणि ती पंखात बसवताना झालेले हाल

दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांबद्दल लिहिताना सगळे वेग, इंजिन आणि पायलट यावर तुटून पडतात, गनबद्दल मात्र "सहा मशीनगन होत्या" एवढं म्हणून पुढे जातात. मला यातच सगळ्यात जास्त इंटरेस्ट आहे, कारण चांगली गन असणं वेगळं आणि ती विमानात नीट चालणं वेगळं.

जॉन ब्राउनिंगने पहिल्या महायुद्धाच्या शेवटी, १९१८ च्या आसपास, आपल्याच छोट्या मशीनगनचं डिझाइन मोठं करून अर्धा इंच (.५०, म्हणून पॉइंट फिफ्टी) म्हणजे १२.७ मिमीची गन बनवली. पाण्याने थंड होणारं हे धूड विमानात काही कामाचं नव्हतं. ब्राउनिंग १९२६ मध्ये गेला आणि पुढचं काम सॅम्युअल ग्रीन नावाच्या इंजिनियरने केलं, ज्याचं नाव फारसं कोणी घेत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याने गनची बॉडी अशी केली की काडतुसांचा पट्टा डावीकडून घ्या नाहीतर उजवीकडून, आणि नळी बदलली की तीच गन जमिनीवर, रणगाड्यावर किंवा विमानात वापरता येते. पंखात किंवा टरेटमध्ये (गनच्या फिरत्या बुरुजात) जागा कुठून आणि किती मिळेल हे आधी सांगता येत नाही, त्यामुळे ही सोय फार मोलाची.

याच गनच्या विमानातल्या आवृत्तीला, एएन-एम२ ला, छोटी, हलकी नळी दिली. समोरून सुसाट वारा येतो आणि पायलट एका वेळी थोड्याच गोळ्यांचे छोटे छोटे बर्स्ट मारतो, म्हणून ते चालून जातं. जमिनीवरची गन मिनिटाला ५०० च्या आसपास गोळ्या मारायची, ही ८०० च्या आसपास.

पण वर गेल्यावर वेगळंच सुरू होतं. २५ हजार फुटांवर तापमान उणे ३५ च्या आसपास, वंगण घट्ट होतं आणि बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, हलेनासा होतो. ब्रिटिशांना त्यांच्या स्पिटफायर फायटरच्या .३०३ इंची गनबाबत हाच त्रास झाला, मग रेडिएटरची गरम हवा गनपर्यंत नेली आणि नळीच्या तोंडावर कापडाची पट्टी चिकटवली, पहिली गोळी ती फाडून बाहेर पडायची.

अमेरिकन मस्टँग फायटरचं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. त्याच्या पी-५१बी मॉडेलचा पंख पातळ, गन उभी बसेना म्हणून ती तिरकी बसवली, त्यामुळे पट्टा वाकून गनमध्ये शिरायचा आणि पायलटने जोरात वळण घेतलं की पट्ट्याचं वजन कित्येक पट वाढून तो अडकायचा, म्हणजे नेमकी शत्रूच्या मागे लागल्यावर गन बंद! जमिनीवरच्या लोकांनी पट्टा ओढायला छोट्या इलेक्ट्रिक मोटरी लावून बघितल्या. डी मॉडेलमध्ये शेवटी गन सरळ उभ्या बसल्या, चाराच्या सहा झाल्या, आतल्या दोन गनना प्रत्येकी ४०० आणि बाकी चारांना २७० गोळ्या. हिशोब केला तर बाहेरच्या गनचा ट्रिगर दाबून धरला की वीस सेकंदात संपलं!

जर्मनांची १३ मिमी एमजी १३१ वजनाला सतरा किलोच्या आत होती, काडतूस कमी ताकदीचं, पण ते विजेने पेटायचं म्हणून विमानाच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळी सोडायचं टायमिंग साधणं सोपं जायचं, ही आयडिया भारीच. तरी निव्वळ गन म्हणून माझं मत सोव्हिएत १२.७ मिमी बेरेझिन मशीनगनला, साधारण २१-२२ किलो आणि मिनिटाला हजाराच्या आसपास गोळ्या, म्हणजे ब्राउनिंगपेक्षा हलकी आणि फास्ट.

मग अमेरिकन त्यांच्याच गनला का चिकटून राहिले? एकतर त्यांच्या फायटरना जास्त करून फायटरशीच लढायचं होतं, जड बॉम्बर पाडायचे नव्हते. शिवाय त्यांनी बनवलेली २० मिमी हिस्पानो तोफ नीट चालत नव्हती, आणि सगळीकडे एकच काडतूस असलं की सप्लायचं डोकं शांत राहतं.

कोरियन युद्धात मात्र हे पुरेनासं झालं. अमेरिकन सेबर जेटवर सहा एम३ (याच ब्राउनिंगची फास्ट आवृत्ती) होत्या, मिनिटाला १२०० गोळ्यांच्या, तरी शत्रूची मिग-१५ जेट भरपूर गोळ्या खाऊनही घरी परत जायची, कारण उंचीवरच्या विरळ हवेत आग लावणाऱ्या गोळ्यांनी नीट आगच लागेना. पुढच्या एफ-१०० या जेट फायटरला थेट २० मिमीच्या चार एम३९ तोफा दिल्या.