एडमंडचं एक वाक्य

रविवार, रात्र

सी. एस. लुईसचं ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ पुन्हा वाचून संपवलं. फार मोठं नाहीच ते. लहानपणापासून डोक्यात बसलेलं सगळं जिथल्या तिथे सापडलं. कपाटातल्या फरच्या कोटांमधून आत आत जाणारी ल्युसी, पायाखाली काहीतरी कुरकुरतंय म्हणून तिला वाटणाऱ्या डांबराच्या गोळ्या आणि निघालेला बर्फ, ऐन जंगलात एकटाच जळणारा दिव्याचा खांब, छत्री नि पुडकी सांभाळत येणारा, अर्धा माणूस नि अर्धा बोकड असा टमनस. (लुईसला हे चित्र म्हणे सोळाव्या वर्षापासून दिसत होतं, पुस्तक मात्र आलं 1950 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर.) पण या खेपेला मी जादूपाशी रेंगाळलेच नाही. अडकले ती एडमंडच्या एका वाक्यापाशी.

ल्युसी पहिल्यांदा नार्नियात, कपाटापलीकडच्या त्या जादूच्या देशात, जाऊन येते आणि पीटर, सुझन, एडमंड या थोरल्या भावंडांना सांगते. ते कपाट उघडून बघतात, तर कोट, खुंट्या आणि मागे साधी लाकडी फळी. झालं! पोरगी खोटारडी ठरते. पीटर-सुझन निदान सांभाळून घेतात, एडमंड मात्र येता-जाता टोचत राहतो. मग एका पावसाळी दिवशी लपाछपी खेळताना तिच्या मागोमाग तोही आत पोचतो. पांढऱ्या चेटकिणीच्या घसरगाडीत बसतो, टर्किश डिलाइटचा फडशा पाडतो. परत येताना ल्युसी भेटते आणि तिला केवढा आनंद! आता दोघांनी पाहिलंय, आता कोण अविश्वास दाखवणार? धावत जाऊन ती पीटर-सुझनला सांगते, आणि हा पठ्ठ्या थंडपणे म्हणतो की आम्ही नुसते खेळत होतो, कपाटातला देश खरा आहे असं धरून. गंमत म्हणून.

पुढे तो भावंडांना चेटकिणीच्या हाती द्यायला निघतो, ते अर्थात फार मोठं पाप. पण त्यात त्या मंतरलेल्या मिठाईचा निम्मा हात आहे. ती एकदा खाल्ली की आणखी हवीच होते. शिवाय काळ बघायला हवा. ही लंडनमधल्या बॉम्बहल्ल्यांमुळे गावाकडे धाडलेली मुलं. ब्रिटनमध्ये मिठाई 1942 मध्ये रेशनवर गेली, मध्ये काही महिने मोकळी झाली नि पुन्हा अडकली, कायमची सुटली ती थेट 1953 मध्ये. म्हणजे पुस्तकाच्या पहिल्या बालवाचकांनाही गोड मोजूनमापूनच मिळत होतं. डबाभर मिठाईसाठी पाघळणारा एडमंड त्यांना फारसा परका वाटला नसेल. ते वाक्य मात्र त्याचं स्वतःचं. चेटकिणीने त्याला ते शिकवलेलं नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेलं तो नाकारतो, ते फक्त धाकट्या बहिणीपुढे आपण चुकलो हे कबूल करायला नको म्हणून.

त्यानंतरचं प्रोफेसरांचं, म्हणजे मुलं ज्यांच्या घरी राहतात त्या म्हाताऱ्यांचं, प्रकरण तर मी दोनदा वाचलं. पीटर आणि सुझन काळजीने त्यांच्याकडे जातात. त्यांना वाटतं, आता हे ल्युसीच्या घरी कळवतील. म्हातारा उलट विचारतो, तुमच्या अनुभवात दोघांपैकी खरं कोण बोलतं? ल्युसी. ती वेडी आहे का? बघितल्यावर दिसतंच की नाही. मग दुसरा पुरावा हाती येईपर्यंत ती खरं बोलतेय असं धरून चाला! सुझन म्हणते, पण ती तर मिनिटभरही गायब नव्हती. त्यावर ते म्हणतात, म्हणून तर जास्त खरं वाटतं, कारण गोष्ट रचणारं मूल शोभेल इतका वेळ लपून बसलं असतं. परीकथेत मोठ्या माणसाने लहान मुलीच्या बाजूने इतका कोरडा युक्तिवाद करावा, हे मला नार्नियाच्या सिंहाच्या, अस्लानच्या, गर्जनेपेक्षा जास्त आवडतं.

आणि एडमंड पकडला कसा जातो? चौघंही एकदाचे आत शिरतात. पीटर लगेच ल्युसीची माफी मागतो. चालता चालता एडमंडच्या तोंडून निघून जातं की दिव्याच्या खांबाकडे जायचं तर डावीकडे वळायला हवं ना? बस्स. आधी न आलेल्याला खांब कुठला माहीत? लुईसने इथे आरडाओरडा केलेला नाही, सगळे नुसते थबकतात. मग पीटर एक सणसणीत शिवी हासडतो.

मधला भाग मी भराभर उलटला. नाताळबाबा येऊन भेटी वाटतो तिथे आजही जरा अडखळायला होतं. लुईसचा मित्र, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टॉल्किन, त्यालाही हे पुस्तक रुचलं नव्हतं, निदान या पानापुरती मी त्याच्या बाजूने. मुलांना आसरा देणाऱ्या, बोलणाऱ्या बीव्हरबाईंचं शिवणयंत्र मात्र हवंच. जीव घेऊन पळायची वेळ आली तरी ते मागे ठेवताना त्यांचा जीव तुटतो!

चेटकिणीच्या तावडीतून एडमंडची सुटका झाल्यावर सकाळी अस्लान त्याच्याशी एकट्याने बोलतो, दवाने भिजलेल्या गवतात येरझाऱ्या घालत. काय बोलतो ते लुईस सांगत नाही. मग त्याला भावंडांच्या हवाली करताना, झालं गेलं काढायची गरज नाही, एवढंच. एडमंड तिघांशी हात मिळवतो, सॉरी म्हणतो, विषय संपतो. भाषण नाही, रडारड नाही. मुलांच्या पुस्तकात क्षमा इतकी आटोपशीर मी दुसरीकडे वाचलेली नाही.

म्हणूनच नार्निया मालिकेच्या सातव्या भागातल्या सुझनचं मला जास्त लागतं. 1956 च्या त्या शेवटच्या पुस्तकात ती ‘नार्नियाची मित्र’ राहिलेली नाही. कुणी विषय काढला तर म्हणते, लहानपणी खेळायचो ते गमतीचे खेळ तुम्ही अजून धरून बसलात? तिला आता लिपस्टिक नि पार्ट्यांपलीकडे काही सुचत नाही असं तिथे म्हटलंय, नि लोक त्या लिपस्टिकवरून लुईसशी भांडतात, मला त्याचं फारसं काही नाही. मला खुपतं ते हे की हे एडमंडचंच वाक्य आहे. तो खेळ होता! एडमंड ते म्हणाला आणि त्याला ती सकाळ मिळाली. सुझन म्हणाली, आणि रेल्वे अपघातात भावंडं, आईवडील सगळे जाऊन ती एकटी मागे उरली, तरी तिच्या वाट्याला एक परिच्छेद नाही. तीही कदाचित आपल्या वाटेने शेवटी पोचेल, असं लुईसने नंतर एका मुलाला पत्रात लिहिलं. पत्रात! अस्लान तिच्याशी काय बोलला ते पुन्हा गुलदस्त्यात ठेवलं असतं तरी चाललं असतं, पण तो बोलला एवढं तरी पुस्तकात छापायला हवं होतं.