‘हम्मा हम्मा’च्या आधीचे रेमो

माझ्या कॅसेटच्या कपाटापुढे पाहुणे थांबले की एक प्रश्न हमखास येतो: रेमो फर्नांडिस म्हणजे ‘हम्मा हम्मा’वालेच ना, मग त्यांच्या इतक्या इंग्रजी कॅसेट कशाला जपून ठेवल्या आहेत? परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

१९९५ च्या ‘बॉम्बे’ चित्रपटातील त्या गाण्यात रेमोंचा फक्त गळा आहे. शब्दही त्यांचे नाहीत आणि चालही नाही. मी जपलेल्या कॅसेटमध्ये मात्र गळा हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत मोठा नव्हे.

१९५३ मध्ये पणजीत जन्मलेले रेमो मुंबईच्या सर ज. जी. महाविद्यालयात वास्तुकला शिकले, पुढे युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकत गात राहिले आणि गोव्यातल्या शिवोली गावी घरी परतले. गोव्याविषयी इंग्रजीत लिहिलेली त्यांची रॉक गाणी काढायला कॅसेट कंपन्या तयार नव्हत्या. तेव्हा त्यांनी १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट घरीच चार ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर शेजारी-शेजारी चार वेगळ्या ध्वनिपट्ट्या भरणाऱ्या, कॅसेटयंत्रावर ध्वनिमुद्रित केली आणि त्यातली वाद्येही स्वतःच वाजवली.

चार ट्रॅकवर अख्खा वाद्यवृंद कसा मावतो, हे समजून घेण्यासारखे आहे. तीन ट्रॅकवर तीन वाद्ये भरायची, ती एकत्र करून चौथ्यावर उतरवायची, आणि मोकळ्या झालेल्या तीन ट्रॅकवर पुढची वाद्ये किंवा आवाज भरायचे. जुन्या ट्रॅकवर नवे काही चढले की मागे फिरणे नाही. ढोल मोठा वाटला तरी तो आता बास गिटारपासून वेगळा काढता येत नाही. शिवाय अशा प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढत जाते. माझा एक मित्र ही कॅसेट ऐकून मला प्लेअरचे हेड पुसायला सांगत होता. (पुसलेही, फरक पडला नाही.)

तयार झालेल्या कॅसेट घेऊन रेमो स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत स्वतः फिरले. त्या खपल्या आणि मग कंपन्याही आल्या. ‘पॅक दॅट स्मॅक’ या कॅसेटमध्ये त्यांनी अमली पदार्थांवर लिहिले, तर राजीव गांधींसमोर त्यांनाच उद्देशून लिहिलेले गाणे गायले. त्यावर टीका झाली. राजीव गांधींनी मात्र ते आवडल्याचे पत्राने कळवले. ‘जलवा’ हा हिंदी चित्रपट, हिंदी पॉप आणि २००७ ची पद्मश्री हा पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. त्या काळातले त्यांचे ध्वनिमुद्रण कितीतरी सफाईदार आहे, पण माझ्या कानाला शिवोलीच्या त्या खोलीतला रेमोच अधिक मोकळा वाटतो.

पुढच्या वेळी याल तेव्हा आधी ‘गोअन क्रेझी’ लावू. ‘बॉम्बे’ची कॅसेटही आहे, पण ती खालच्या कप्प्यात.