सगळ्यांना एका खोलीत बोलवा

सोमवार

‘डेथ इन पॅरडाईज’ पुन्हा पहिल्या भागापासून बघायला घेतली. कोर्टात खुनाचा मोठा खटला चालू असला की मला रात्री नवीन काही बघवत नाही, ओळखीचंच लागतं. आईला यातलं इंग्रजी सगळं कळत नाही, पण ती माझ्याइतकंच मन लावून बघते आणि बहुतेक वेळा खुनी तिला माझ्याआधी सापडतो. “जो सारखा दुसऱ्याकडे बघून रडतो ना गो, त्याच्यावर लक्ष ठेव,” असं तिचं शास्त्र आहे.

ही मालिका बीबीसीवर ऑक्टोबर 2011 मध्ये सुरू झाली. सेंट मेरी नावाचं कॅरिबियनमधलं काल्पनिक बेट, ब्रिटिशांच्या ताब्यातलं. तिथे एक ब्रिटिश पोलीस अधिकारी आतून बंद असलेल्या खोलीत मरून पडतो आणि तपासाला लंडनच्या क्रॉयडनहून डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर रिचर्ड पूल येतो. भर उन्हात सूट, टाय, हातात ब्रीफकेस. विमान कंपनीनं सामान हरवलेलं. समुद्रकिनाऱ्यावरच्या लाकडी खोपटात राहायचं, सोबतीला एक सरडा. बेन मिलरनं हा माणूस इतका सच्चा उभा केलाय की त्याच्या घामाचा मला त्रास होतो. वैशाखात काळा कोट आणि बँड घालून कोर्टात उभं राहिलेल्या कुठल्याही वकिलाला तो आपला वाटेल.

पण मी या मालिकेकडे परत परत येते ती शेवटच्या दहा मिनिटांसाठी. फळ्यावर संशयितांचे फोटो आणि वेळा लिहून झालेल्या असतात, काही जुळत नसतं आणि भलत्याच कुठल्यातरी बारीकशा गोष्टीवरून डिटेक्टिव्हच्या डोक्यात उजेड पडतो. मग तो म्हणतो, सगळ्यांना बोलवा. बायको, भागीदार, भाऊ, जुना मित्र, सगळे एकाच खोलीत. आणि तो सुरुवातीपासून सांगायला लागतो.

मंगळवार

आज कोर्टात पंच फितूर झाला. म्हणाला, पंचनाम्यावरची सही माझी आहे, पण मजकूर माहीत नाही, पोलिसांनी सांगितलं म्हणून केली. दर खटल्यात एक तरी असा निघतोच. मी या खटल्यात मूळ फिर्यादीतर्फे, म्हणजे गेलेल्या मुलाच्या आईतर्फे, सरकारी वकिलांना साहाय्य करते आहे. ती बाई मागच्या बाकावर बसून होती. तिला ‘फितूर’ हे समजलं, पण आता पुढे काय हे समजलं नाही. बाहेर आल्यावर तिनं नेहमीचंच विचारलं, “म्हणजे नक्की काय झालं त्या रात्री, ते कोण सांगेल का?”

रात्री मालिका बघताना हेच डोक्यात होतं. सेंट मेरीवर खुनी खोलीतच कोसळतो, सगळ्यांसमोर कबूल करतो, दोघं जण येऊन त्याला बेड्या घालून नेतात. आपल्याकडे त्या कबुलीचा काही उपयोग नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात हे कलम 25 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमात कलम 23 आहे. आरोपीनं सांगितलं म्हणून विहिरीतून कोयता निघाला, तर तेवढंच विधान आत येतं, जेवढ्याचा त्या कोयत्याशी संबंध आहे. बाकी सगळं बाहेर. ही तरतूद मला मनापासून मान्य आहे. कोठडीत माणसाकडून काय वाटेल ते वदवून घेता येतं, आणि ज्याला कोणी वाली नाही त्याच्याकडून सगळ्यात आधी.

तरी त्या खोलीत घडतं ते मला हवंसं वाटतं, आणि ती कबुली नव्हे. मला हवी असते ती त्याआधीची गोष्ट. साडेसहाला तो घरातून निघाला, वाटेत हिला भेटला, पेला आधीच बदललेला होता, गोळीचा आवाज झाला तेव्हा तो मरून तास झाला होता. क्रमानं, एकही दुवा न गाळता. आणि ते ऐकायला गेलेल्या माणसाची माणसं समोर बसलेली असतात.

आमच्याकडे गोष्ट कधीच क्रमानं येत नाही. आधी पंच, मग कधीतरी डॉक्टर, मधे साक्षीदाराचं समन्स बजावलं गेलं नाही म्हणून तारीख, मग रासायनिक पृथक्करणाचा अहवाल, सगळ्यात शेवटी तपास अधिकारी, ज्याची तोवर दोनदा बदली झालेली असते. मागच्या बाकावर बसलेल्या आईला ते कसं जुळणार?

बुधवार

काम कमी होतं. मालिका जिथे चित्रित होते त्या ग्वाडेलूपबद्दल वाचत बसले. सेंट मेरी ब्रिटिश, पण खरं बेट फ्रान्सचं. 1946 पासून फ्रान्सचा पूर्ण जिल्हाच आहे तो, युरो चालतो. बास-तेर आणि ग्रांद-तेर ही दोन मोठी बेटं मिळून नकाशावर फुलपाखरू दिसतं. बास-तेरवर सूफ्रिएर ज्वालामुखी, 1,467 मीटर. मालिकेतलं ऑनरे गाव म्हणजे तिथलं देए, आणि आपण जे पोलीस ठाणं बघतो ती चर्चच्या शेजारची धर्मगुरूंची इमारत आहे.

आई पडद्यावर माणसांपेक्षा झाडं जास्त बघते. नारळ, केळी, जास्वंद, क्रोटन. एका अंगणात तिला निरफणस दिसला आणि ती अर्धा प्रसंग त्याच्याबद्दलच बोलत राहिली. निरफणस मूळचा पॅसिफिक बेटांवरचा. ब्रिटिशांनी 1793 मध्ये ताहितीहून रोपं जहाजानं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकात नेली, उसाच्या मळ्यांतल्या गुलामांना स्वस्तात खायला घालता यावं म्हणून. आपल्या अंगणात कापं करून खातो ते झाड तिथे कुठल्या हिशेबानं पोचलं, हे आईला सांगितलं तेव्हा ती गप्प झाली.

मळ्यांवरून आणखी एक सापडलं. फ्रान्सनं 1848 मध्ये गुलामी बंद केली आणि मळेवाल्यांना माणसं हवी झाली. 1854 पासून पुढची तीसेक वर्षं हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले, ग्वाडेलूपला सुमारे 42,000. त्यातले पुष्कळसे तमिळ मुलखातले. तिथलं ‘कोलोंबो’ नावाचं कालवण त्यांच्या धणे-जिरे-हळद-मोहरीचं आहे. आणि त्यांच्यातल्याच एका घरातला आंरी सिदांबारोम 1904 मध्ये या मजुरांच्या मुलांना फ्रेंच नागरिक म्हणून मतदानाचा हक्क मिळावा यासाठी भांडायला उभा राहिला. ते मान्य झालं 1923 मध्ये. एकोणीस वर्षं! आमच्या दिवाणी दाव्यांचं वय सांगताना यापुढे मला हा माणूस आठवेल. मालिकेचं बेट काल्पनिक आणि इंग्रजी, त्यामुळे तिथे हे येण्याचं कारण नाही. पण पुढच्या वेळी त्या बाजाराच्या गर्दीत मी चेहरे नीट बघणार आहे.

गुरुवार

या मालिकेची कल्पना जिथून आली ते प्रकरण आपल्या पिढीला चांगलं आठवेल. 17 मार्च 2007. विश्वचषकात त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशनं भारताला हरवलं आणि किंग्स्टनला आयर्लंडनं पाकिस्तानला. आमच्या आळीत कोणी जेवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर हॉटेलच्या खोलीत बेशुद्ध सापडले आणि गेले. हे वूल्मर 1948 मध्ये आपल्या कानपूरला जन्मलेले. काही दिवसांत जमैकाच्या पोलिसांनी जाहीर केलं, गळा दाबून खून. तपासाच्या प्रमुखपदी होते मार्क शील्ड्स, स्कॉटलंड यार्डमधून जमैकाच्या पोलीस दलात आलेले. कॅरिबियन बेटावर लंडनचा पोलीस, ही बातमी वाचून लेखक रॉबर्ट थोरोगुडला मालिका सुचली.

खरं प्रकरण मात्र सुटलं नाही. जूनमध्ये पोलिसांनी सांगितलं की खून झालेला नाही, मृत्यू नैसर्गिक. शवविच्छेदन करणारे डॉक्टर आपल्या मतावर ठाम राहिले. नोव्हेंबरमध्ये ज्यूरीनं सगळं ऐकून घेतलं आणि खुला निर्णय दिला. खून म्हणता येत नाही, अपघात म्हणता येत नाही, नैसर्गिक म्हणता येत नाही. मधल्या काळात संघातल्या खेळाडूंचे बोटांचे ठसे घेऊन झाले होते, जगभर कोणाकोणावर संशय घेऊन झाला होता. आणि त्यांच्या बायकोमुलांना शेवटी एक वाक्यही नक्की मिळालं नाही.

या मालिकेला हलकीफुलकी म्हणून बाजूला सारणारे खूप भेटतात. निळा समुद्र, रम, दर आठवड्याला एक प्रेत, असं म्हणतात. मला ते पटत नाही. जे प्रकरण उघडंच राहिलं, त्याच्यावरून स्फुरलेली ही मालिका दर भागात दार पूर्ण बंद करून दाखवते. एवढी वर्षं, शंभराहून जास्त भाग, आणि एकाही माणसाचं मरण तिनं ‘कळलं नाही’ म्हणून सोडलेलं मी पाहिलं नाही. मेलेला माणूस लुच्चा असो, कोणाला नकोसा असो, त्याच्या मरणाची पूर्ण गोष्ट सांगितली जाते. मला यात फार मोठी माया दिसते.

शनिवार

तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. 2014 मध्ये आलेला. रिचर्ड पूलचा खून, बर्फ फोडायच्या टोच्यानं, त्याच्याच कॉलेजच्या मित्रमैत्रिणींच्या गराड्यात. माहीत असूनही बघवत नाही. नायक असा पहिल्या काही मिनिटांत खुर्चीत मरून पडलेला दाखवायला धाडस लागतं. त्याच्या जागी हम्फ्री गुडमन येतो, मग जॅक मूनी, मग नेव्हिल पार्कर, आणि 2024 च्या नाताळापासून मर्विन विल्सन. हा मर्विन मालिकेतला पहिला कृष्णवर्णीय प्रमुख डिटेक्टिव्ह, आणि तो येतो तोच न पाहिलेल्या आईच्या शोधात. हे व्हायला एवढी वर्षं लागायला नको होती. प्रत्येक वेळी ब्रिटनहून माणूस उतरल्याशिवाय बेटावरचा गुन्हा सुटत नाही, ही या मालिकेतली मला सलणारी गोष्ट आहे. खरं काम तर बेटावरचाच पोलीस ड्वेन करतो. कोणाची होडी कुठे लागते, कोण कोणाचं उधार देणं लागतो, कोणाची मावशी कुठल्या हॉटेलात झाडते, हे त्याला ठाऊक. तपासात अर्धा खटला अशाच माहितीवर उभा राहतो, हे मी रोज बघते. आणि सगळ्यांच्या डोक्यावर कमिशनर सेल्विन पॅटरसन. डॉन वॉरिंग्टनला पहिल्या सीझनपासून बघते आहे. नुसता दारात येऊन थांबतो आणि खोलीतले सगळे सरळ बसतात.

रविवार

एक ठरवलं. पुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीनं मूळ फिर्यादीतर्फे लेखी युक्तिवाद देता येतो. आपण तो बहुतेक वेळा सरकारी वकिलांच्या मुद्द्यांखाली निवाडे जोडून देतो. या वेळी मी तो मराठीत लिहिणार आहे आणि साक्षीदारांच्या क्रमानं लिहिणार नाही. त्या रात्रीच्या क्रमानं लिहीन. मुलगा घरातून किती वाजता निघाला, टपरीवर कोण होतं, फोन शेवटचा कोणाला, डॉक्टर जखमांची वेळ काय सांगतात, कोयता कुठून निघाला. प्रत्येक वाक्यापुढे साक्षीदाराचा नंबर आणि जबानीचा परिच्छेद. फितूर पंचाची जागा जिथे रिकामी राहते तिथे ती रिकामीच ठेवीन, माझ्या पदरचं काही घालणार नाही. निकाल काय लागेल तो लागो, आणि संशयाचा फायदा द्यायची वेळ आली तर न्यायाधीशांनी तो द्यायलाच हवा.

दाखल केल्यावर त्याची एक प्रत त्या बाईंना देईन. त्यांची धाकटी मुलगी बारावीला आहे, ती वाचून दाखवेल. सुरुवातीचं पान आज दुपारी लिहून झालं. उद्या सकाळी कोर्टाचं काम सुरू होण्याआधी सरकारी वकिलांना दाखवते.