लिकी कॉल्ड्रन, नोंद ७ : काच अखेर तिरकी बसवली

हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या लिकी कॉल्ड्रन या जादूगारांच्या पबचं छोटं मॉडेल करतोय. त्याचं दीड महिना अडलेलं काम शनिवारी रात्री सुटलं. झोप येईना, म्हणून लिहितोय.

त्याच गोष्टीतला पावणेदहाचा फलाट केला तेव्हा सोपं होतं. भिंत आहे, तिच्यातून पलीकडे जायचं. लिकी कॉल्ड्रनला भिंतच नाही! लंडनच्या चेरिंग क्रॉस रोडवर उघड्यावर उभा असलेला पब. एका बाजूला पुस्तकांचं मोठं दुकान, दुसऱ्या बाजूला रेकॉर्डचं, आणि मगल, म्हणजे जादू न येणाऱ्या, लोकांची नजर या दुकानावरून घसरते ती थेट त्या दुकानावर. आता १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाच्या मापात, न दिसणारा पब दाखवायचा कसा?

आधी दोन दुकानांमधल्या फटीत ॲक्रिलिक लावलं, त्यावर गाडीच्या काचांची आरसा फिल्म. आतला दिवा बंद असला की आरसा, लावला की पब. आईला दाखवलं.

"ह्यात माझंच तोंड दिसतंय की."

समोर आरसा धरल्यावर दुसरं काय दिसणार! वर फिल्मखाली फुगे. साबणपाणी लावून, जुन्या एटीएम कार्डाने रेटूनही जाईनात. ऑनलाइन मागवलेलं ॲक्रिलिक आलं तेच ओरखडे घेऊन. मंडळी, त्या फंदात पडू नका. नवी पेठेतल्या फ्रेमवाल्याने २ मिमीची काच हवी तशी कापून दिली, कडाही घासून दिल्या.

मग जॉन हेन्री पेपर या साहेबांचं भूत आठवलं, म्हणजे काचेतल्या प्रतिबिंबाने भूत दाखवायची युक्ती. १८६२ साली लंडनमध्येच, रॉयल पॉलिटेक्निकमध्ये, त्यांनी तिरक्या काचेवर भूत उभं केलं होतं. काच ४५ अंशात वळवली. आता तिच्यात बघणारा दिसत नाही, बाजूला लपवलेलं पुस्तकांचं कपाट दिसतं. दुकान आपलं पुढे चालूच आहे असं वाटतं. कपाटाचा दिवा मंद केला आणि पबचा वाढवला, की पुस्तकांतून हळूहळू दार उगवतं.

तरी एकदा रडवलंच. काच ग्लू गनने चिकटवली होती. मे महिना, सोलापूर, पत्र्याची खोली. दुपारी ग्लू मऊ पडला, काच सरकली आणि कपाटाऐवजी वायरींचा गुंता दिसायला लागला. आता दोन ट्यूबवाला इपॉक्सी लावलाय, आतून सगळं काळं रंगवलंय.

शनिवारी आईला परत बोलावलं. "दोनच दुकानं हायत की. तिसरं कुठंय?"

यापेक्षा मोठी पावती नको. दिवा फिरवला तशी ती चष्मा काढून पुसायला लागली.

दिवे बदलायला मागे बटण लावणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं: पबमागच्या अंगणाची भिंत पुढे घ्यायची. कचऱ्याच्या डब्यापासून तीन विटा वर, दोन आडव्या, त्या विटेमागे दाराच्या अलार्ममधला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की चालू होणारं बटण. गोष्टीत धिप्पाड हॅग्रिड तिथे छत्रीने तीनदा टकटक करून वाट उघडतो, म्हणून त्याच्या छत्रीच्या टोकाला ३ मिमीचं चुंबक. तीन टकटक मोजायला आर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड घालावा लागेल, म्हणजे पाया पुन्हा उसवणं आलं. असू दे.

छत्रीच्या दांडीला उदबत्तीची काडी मिळाली. गुलाबी कापडासाठी आईच्या शिवणाच्या पिशवीत हात घातलाय. तिला अजून पत्ता नाही.